पाहुण्यास काय दाखवावे?
बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या स्थळांची हकिकत

वऱ्हाड प्रांताच्या पश्चिम टोकास वसलेला बुलढाणा जिल्हा हा संत, शूर आणि शेतकरी यांची भूमी म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. या भूमीत दरवर्षी लाखो भाविक व प्रवासी येतात. परंतु एखाद्या खेड्यात पाहुणा आला आणि त्याने सहज विचारले, की “इकडे पाहण्यासारखे काय आहे?”, तर बहुधा एकच उत्तर मिळते: “आमच्याकडे काय आहे पाहण्यासारखे? शेगावला जा, लोणारला जा.” पाहुणा चहा घेतो आणि निघून जातो. ज्या ओट्यावर बसून हे उत्तर दिले जाते, त्याच ओट्यास कित्येकदा सातशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगड बसविलेला असतो. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी जिल्ह्यातील जुन्या स्थळांची हकिकत थोडक्यात नमूद करणे त्यासाठीच उचित ठरेल. ही स्थळे कोणी उभारली, कशी टिकली आणि त्यांतील काही कशी मातीखाली गेली, हे समजले म्हणजे पाहुण्यास काय दाखवावे हा प्रश्न आपोआप सुटेल.

घाटावर आणि घाटाखाली

या जिल्ह्याचे दोन भाग स्वभावतःच पडलेले आहेत. अजिंठ्याच्या डोंगराची रांग मधून जाते. तिच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा ‘घाटावरचा’ मुलूख. आणि खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा ‘घाटाखालचा’ मुलूख. जुन्या कागदपत्रांत यांसच बालाघाट व पायनघाट म्हटलेले आढळते. असे एकूण तेरा तालुके होतात.

घाटाखालचे पाणी पूर्णा नदीला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी पश्चिम समुद्रास जाते. घाटावरचे पाणी मात्र पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांतून गोदावरीच्या खोऱ्यात उतरते आणि पूर्व समुद्रास जाते. म्हणजे या जिल्ह्यावर पडणारा एकच पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. पैनगंगेचा उगम बुलढाणा तालुक्यातील मौजे मढ येथे बुधनेश्वराच्या स्थानी आहे. पुढे शेकडो मैल वाहून विदर्भ व मराठवाड्याची सीमा बनणारी ही नदी तेथे अगदी लहान झऱ्याच्या रूपात दिसते. ज्याने तिचे विशाल पात्र पाहिले आहे, त्याने तिचे हे बालरूप अवश्य पाहावे.

या मुलुखावर देवगिरीचे यादव, नंतर बहमनी सुलतान, अचलपूरची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, दिल्लीचे मोगल, हैदराबादचे निजाम आणि अखेरीस इंग्रज अशा अनेक सत्ता येऊन गेल्या. सन १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. सन १९०५ मध्ये खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून या जिल्ह्यास जोडण्यात आले. राज्ये बदलली, दप्तरे बदलली, परंतु देवळांतील दिवे मात्र बहुतेक ठिकाणी तेवतच राहिले. ते तेवत ठेवणारे हात गावकऱ्यांचे होते.

काळ्या पाषाणाची देवळे

जिल्ह्यातील सर्वांत जुने ठेवे म्हणजे काळ्या पाषाणाची देवळे होत. लोक त्यांस हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा महादेवराव व रामदेवराव या यादव राजांचा प्रधान होता. सगळीच देवळे त्याने बांधली असे नव्हे. काही त्याच्या आधीचीही आहेत. परंतु बांधणीची तऱ्हा एक असल्यामुळे नाव सर्वांना त्याचेच पडले. या बांधणीत चुना वापरीत नसत. दगड अशा रीतीने घडवीत, की एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसावी आणि वरच्या दगडाच्या भाराने खालचा घट्ट राहावा. म्हणून या देवळांचे आयुष्य दगडाच्या तोलावर अवलंबून आहे. एक दगड काढला, तर त्याच्या शेजारचे चार ढिले होतात, ही गोष्ट जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अशी देवळे मोताळा तालुक्यात कोथळी येथे, चिखली तालुक्यात साकेगाव व धोत्रा येथे, तसेच सातगाव येथे पाहावयास मिळतात. मेहकर येथे दगडी खांबांची एक पुरातन धर्मशाळा आहे. त्या काळीही या वाटेने प्रवासी जात-येत असत आणि त्यांच्या विसाव्याची सोय गावाने केलेली होती, याची ती धर्मशाळा साक्ष आहे. पाहुण्याची व्यवस्था ठेवणे ही आजची नवी कल्पना नव्हे, ती या मुलुखाची जुनी रीत आहे.

लोणारची धार आणि सरोवर

जिल्ह्यातील स्थळांत लोणारचे नाव जगभर पोहोचले आहे. आकाशातून आलेल्या एका प्रचंड पाषाणाच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचा कडा भोवतालच्या जमिनीहून सुमारे २० मीटर उंच उचलला गेलेला आहे. पूर्वी कित्येक विद्वान त्यास ज्वालामुखीचे मुख समजत असत. सन १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तळाच्या खडकांत आघाताने काचेसारखे झालेले कण सापडल्याचे दाखवून दिले आणि वाद मिटला. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे धरीत असत. सन २०११ मधील संशोधनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असावे असे सांगितले.

सरोवराचे पाणी अतिशय खारट व क्षारयुक्त आहे. अकबर बादशहाच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात मेहकर सरकारातील या जागेचा उल्लेख असून, काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात असे म्हटले आहे. पुढेही उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठावरचा खार गोळा केला जाई. त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. सन २०२० च्या जून महिन्यात या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले आणि मोठी चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचा तपास करून, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवरास रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळांच्या यादीत स्थान मिळाले.

शास्त्रज्ञ विवरासाठी येतात, परंतु लोणारचे लोक शतकानुशतके तेथे नांदले ते धारेमुळे. खाऱ्या सरोवराच्या कड्यावरच गोड्या पाण्याची अखंड धार वाहते, हे येथील खरे आश्चर्य होय. गोमुखातून पडणाऱ्या या धारेखाली स्नान करून यात्रेकरू दर्शनास जातात. विवराच्या आत, सरोवराच्या काठी, कमळजादेवीचे मंदिर आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. झाडीत ठिकठिकाणी महादेवाची जुनी देवळे आहेत. कित्येकांचे छत कोसळले आहे, तर कित्येकांना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे.

गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. ते तारकाकृती पायावर उभारलेले असून बाहेरच्या भिंती देव-देवता व पुराणकथांच्या शिल्पांनी भरलेल्या आहेत. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राही, भगवान विष्णूंनी त्याच्या बिळाचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि त्याचा वध केला, अशी कथा आहे. त्या खड्ड्यात साचलेले पाणी ते हे सरोवर आणि दैत्याच्या देहामुळे ते खारट झाले, असे सांगतात. गंमत अशी, की कथेतही आकाशातून एक आघात होतो आणि भूमीला खड्डा पडतो. शास्त्र आणि पुराण यांची वाट निराळी असली, तरी दोन्ही एकाच कड्यावर उभे राहून खाली पाहतात.

लोणार पाहण्यास हिवाळ्यातील सकाळ उत्तम. विवरात उतरताना पाणी जवळ ठेवावे, बरोबर माहितगार माणूस घ्यावा आणि एक खडाही खिशात घालून आणू नये. हे विवर अभयारण्य म्हणूनही संरक्षित आहे.

मेहकरचा शारंगधर

लोणारहून जवळच पैनगंगेच्या काठी मेहकर हे पुरातन गाव आहे. येथील शारंगधर बालाजीची हकिकत प्रत्येक गावकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. सन १८८८ मध्ये येथे जमीन खणताना काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फूट उंचीची, विष्णूची अत्यंत सुबक मूर्ती सापडली. प्रभावळीत दशावतार व इतर देवता कोरलेल्या असून कोठेही भंगलेले नाही, ही विशेष गोष्ट होय. संकटकाळी कोणीतरी ती काळजीपूर्वक मातीखाली ठेवली असावी, असे मानतात. त्या काळी राज्य इंग्रजांचे होते. मूर्ती विलायतेस नेण्याचा बेत ठरला होता. पण तो अंमलात येण्यापूर्वीच गावकऱ्यांनी एकजुटीने विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा करून पूजा सुरू केली, असे मेहकरचे लोक सांगतात. एकदा पूजा सुरू झाल्यावर मूर्ती हलविणे सरकारलाही कठीण झाले.

या हकिकतीत एक मर्म आहे. मूर्ती घडविणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही, पुरणाऱ्याचेही नाही. तथापि ज्यांनी ती गावात ठेवून घेतली, त्यांच्यामुळे आज दूरदूरचे लोक मेहकरला येतात. त्या वेळी गाव गप्प बसले असते, तर शारंगधराच्या दर्शनास परदेशी जावे लागले असते.

सिंदखेड राजा आणि साखरखेर्डा

सिंदखेड राजा म्हणजे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. येथील लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. दरवर्षी १२ जानेवारीस लाखोंचा समुदाय येथे जमतो. सूर्योदयी जन्मस्थानी पूजन होते आणि तो दिवस अवघ्या महाराष्ट्राचा सण बनतो.

परंतु जन्मस्थानाचे दर्शन घेऊन लगेच परत फिरणारा पाहुणा निम्मेच सिंदखेड पाहतो. येथे रंगमहाल आहे, प्रचंड भिंतींचा अपुरा राहिलेला काळा कोट आहे, नीळकंठेश्वर व रामेश्वर ही जुनी देवळे आहेत. पाण्याची व्यवस्था तर पाहण्यासारखीच. मोती तलावाच्या बांधात दगडी बांधकाम करून पाणी गावाकडे नेण्याची सोय केलेली होती. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतीवर कोरलेल्या मूर्ती आहेत, त्यावरूनच तिला हे नाव पडले. जाधवांनी वाडे बांधले, त्याबरोबर पाणीही बांधले. राजा चांगला होता की नाही, हे त्याच्या वाड्यापेक्षा त्याच्या तलावावरून अधिक कळते.

लखुजीरावांचा अंत मात्र दुःखद झाला. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात त्यांचा, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह घात करण्यात आला. सिंदखेडला त्यांची भव्य समाधी आहे. ज्या दरबारात माहेरची माणसे एका दिवशी मारली गेली, त्या जगात जिजाऊंनी स्वराज्याचा विचार मनात धरला. ही गोष्ट समाधीसमोर उभ्या असलेल्या मुलाला सांगितली, म्हणजे इतिहासाचे पुस्तक निराळे शिकवावे लागत नाही.

याच समाधीच्या परिसरात सन २०२४ च्या जून महिन्यात एक मोठी गोष्ट घडली. पुरातत्त्व खात्यातर्फे समाधीच्या जतनाचे काम चालू असता प्रथम काही दगड दिसले, मग जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा झाला आणि पुढे खोदत गेल्यावर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती प्रकट झाली. मूर्ती सुमारे १.७० मीटर लांब व १ मीटर उंच असून लक्ष्मी विष्णूंचे पाय चेपीत आहे आणि समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे. मेहकरची मूर्ती सापडली, त्यानंतर १३६ वर्षांनी त्याच जिल्ह्याच्या भूमीने पुन्हा एकदा विष्णूचे दर्शन घडविले.

सिंदखेड राजा तालुक्यातच साखरखेर्डा हे गाव आहे. आज शांत दिसणाऱ्या या गावाच्या रानात ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात मोठी लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि दक्षिणेत निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. विजयाची आठवण म्हणून गावास फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया या शिवारात घातला गेला, हे शिवार नांगरणाऱ्या कित्येकांना माहीत नसते. येथे आणि घाटाखाली रोहिणखेड येथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस खुदावंदखानाने बांधलेल्या दगडी मशिदी आहेत. त्याही या जिल्ह्याच्या कारागिरीचा ठेवा होत.

शेजारी देऊळगाव राजा येथे जाधव घराण्याच्या आश्रयाने भरभराटीस आलेले बालाजी संस्थान आहे. आश्विन महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. उंच सागवानी लाटा उभारून घातला जाणारा मंडप आणि त्यासाठी दोर ओढणारे शेकडो भाविक हा देखावा एकदा तरी पाहावा.

घाटाखालची वाट

सन १८६० नंतरच्या काळात मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून गेला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही नावे प्रवाशांच्या तोंडी आली. खामगाव हे कापसाच्या बाजाराचे मोठे ठिकाण. तेथील गाठी मुंबईस नेण्यासाठी जलंब ते खामगाव असा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. सन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनास आले होते. आज खामगावात कोजागिरीपासून जगदंबेचा शांती उत्सव होतो. तो पाहण्यास पंचक्रोशीतून लोक लोटतात.

या लोहमार्गावरच्या शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. उष्ट्या पत्रावळीतील अन्नाची शिते वेचून खाणारा तो तरुण कोण, कोठला, हे कोणास कळले नाही. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, महाराजांनी समाधी घेतली. संस्थानची शिस्त, स्वच्छता, महाप्रसादाची व्यवस्था आणि सेवेकऱ्यांची नम्र वागणूक यांचे कौतुक येणारा प्रत्येक जण करतो. सन २०२१ मध्ये निवर्तलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक वर्षे व्यवस्था पाहताना संस्थानचे पाणीसुद्धा घेतले नाही, अशी त्यांची ख्याती होती. पाहुणा शेगावला येतो तो समाधीसाठी, पण घरी जाऊन सांगतो ते तेथील वागणुकीविषयी. लहान गावातील देवस्थानानेही हे ध्यानी धरण्यासारखे आहे. स्वच्छ ओटा आणि गोड शब्द यांना लाखांची वर्गणी लागत नाही.

पूर्णेच्या पलीकडे, जळगाव जामोद तालुक्यात मौजे भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. गावाबाहेरच्या शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, करंजी इत्यादी पदार्थ. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातील पुरुष त्यांत झालेले फेरफार पाहून पाऊस-पाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे मानले जाते. यास शास्त्रीय आधार नाही, असे शास्त्राचे जाणकार म्हणतात, आणि पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज पाहूनच करावा. तरी पहाटेच्या अंधारात शेतात उभे राहून कान टवकारणारे हजारो शेतकरी पाहिले, म्हणजे कोरडवाहू शेती करणाऱ्याच्या मनावर पावसाचा किती भार असतो, हे शहरच्या पाहुण्यास भाषणावाचून कळते.

नांदुऱ्यास महामार्गालगत हनुमंताची १०५ फूट उंच मूर्ती आहे. ती नव्या काळातील. परंतु मोटारीने जाणारा प्रवासी तेथे थांबतो, हात जोडतो, आणि जिल्ह्यात त्याचे पाऊल पडते.

जंगल आणि सैलानी

बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सन १९९७ मध्ये ते जाहीर झाले असून क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. अस्वले, बिबटे, नीलगाई येथे आढळतात. सन २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा असल्याने त्याची वाट नोंदली जात होती. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेते, नदी-नाले, रस्ते पार करीत तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तो त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. जिल्ह्याचा तोही एक पाहुणाच! त्यास येथे पाणी, शिकार आणि निवारा मिळाला, कारण जंगल शिल्लक होते. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. तेही मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पास जोडलेले आहे.

पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या वेळी येथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडतात. ज्या जिल्ह्यात होळी दर्ग्याच्या यात्रेत पेटते, त्या जिल्ह्याच्या शेजारधर्माविषयी निराळे सांगण्याची गरज नाही.

टिकले ते कशाने टिकले?

वरील सर्व हकिकत एकत्र पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. लोणारचे दैत्यसूदन मंदिर टिकले, ते सरकारने संरक्षित केल्यामुळे. कमळजादेवीचे मंदिर टिकले, ते लोकांचे पाऊल तेथे पडत राहिल्यामुळे. मेहकर व सिंदखेडच्या मूर्ती टिकल्या, त्या भूमातेने पोटात सांभाळल्यामुळे. यांपैकी एकही आधार ज्या स्थळास मिळाला नाही, ती स्थळे विवरातल्या पडक्या देवळांप्रमाणे ढासळत चालली आहेत.

यांखेरीज नाश होण्याचा एक चौथा मार्ग आहे आणि तो फार दुःखाचा आहे. कारण तो भक्तीच्या हातूनच होतो. गावोगावी जीर्णोद्धार मोठ्या उत्साहाने होतात. वर्गणी जमते, सिमेंट येते, फरशी येते. कोरीव खांबावर तैलरंग चढतो, शिल्पांची नाके-डोळे रंगाखाली बुजतात. जुनी भंगलेली मूर्ती नदीत सोडली जाते. वीरगळ धुणे धुण्याच्या दगडास लागतो. मंदिर नवे, चकचकीत दिसते, पण त्याचे वय पुसले जाते. मग पाहुणा विचारतो, “किती जुने?” आणि दाखविण्यास काहीच उरत नाही. वीरगळ म्हणजे गावासाठी, गाईंसाठी लढताना पडलेल्या पुरुषाची खूण. तो फेकला म्हणजे गावानेच आपल्या पूर्वजाचे नाव खोडले असे होते.

तेव्हा जीर्णोद्धार करताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र घेऊन ग्रामपंचायतीत ठेवावे. काढलेल्या दगडांवर खडूने अनुक्रमांक घालावे. मजबुतीसाठी नवे बांधकाम करणे भागच असेल, तर जुना गाभारा व खांब आत तसेच राखावेत. पाषाणावर तैलरंग लावू नये. भंगलेल्या मूर्ती, वीरगळ, सतीशिळा, लेख असलेले दगड देवळाच्याच आवारात एका ओट्यावर ओळीने मांडावेत. लेख वाचता येत नसेल तरी घासू नये. आज ना उद्या वाचणारा येईल.

खोदकामात मूर्ती, नाणी अथवा इतर मौल्यवान वस्तू सापडल्यास ती लपवू नये किंवा वाटून घेऊ नये. सन १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. तलाठी किंवा तहसील कचेरीत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. स्मारक केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. वर्गणी खर्च होण्यापूर्वी हे पाहून घेतले, म्हणजे पुढे काम थांबण्याची वेळ येत नाही.

गाव आणि पाहुणा

सन २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा ही गावे थेट नागपूरशी जोडली गेली. पूर्वी एस.टी. बदलत बदलत येणारा पाहुणा आता चार तासांत येऊन चार तासांत परत जाऊ शकतो. तो दोन ठिकाणे पाहून निघून जाईल की वाटेतल्या खेड्यात थांबेल, हे रस्त्यावर अवलंबून नाही, गावावर अवलंबून आहे.

गावाने काय करावे? फार नाही. मंदिराजवळ एक पाटी लावावी. तीत मंदिर कोणत्या देवाचे, सुमारे कोणत्या काळातले, यात्रा केव्हा, एवढे शुद्ध मराठीत लिहावे. ठाऊक असेल तेवढेच लिहावे. पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे ऐकीव असेल तर ‘असे सांगतात’ म्हणून लिहावे. शाळेतल्या चार मुला-मुलींना ही माहिती पाठ द्यावी. पाहुणा आला, की त्यांनीच हात धरून दाखवावी. म्हाताऱ्या माणसांकडून बारवेची, पाराची, जुन्या वाटेची हकिकत ऐकून एका वहीत उतरून ठेवावी, कारण ती माणसे गेली म्हणजे ती हकिकत कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह ही सोय कळसाइतकीच महत्त्वाची मानावी. आणि जेवणाची वेळ असेल, तर ज्वारीची भाकरी, ठेचा आणि झुणका यांची लाज धरू नये. शहरात ती पैसे देऊनही तशी मिळत नाही.

देऊळ हे केवळ देवाचे घर नसते. ते गावाची आठवण ठेवण्याची जागा असते. कळस नवा असावा, पायरी मात्र जुनी राहावी. कारण ज्या पायरीवर पणजोबांनी माथा टेकला, तिच्यावरच नातवाने टेकावा यात जी धन्यता आहे, ती संगमरवरात नाही. जीर्णोद्धारासाठी ज्यांनी श्रमदान केले, धान्य दिले, वर्गणी दिली, त्या सर्व स्त्री-पुरुषांचे हे कार्य पिढ्यान्‌पिढ्या टिको, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास येथे सावली, पाणी आणि खरी माहिती मिळो, आणि गावाची एकी अशीच अभंग राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.